प्लॉट नंबर सातची सभासद

हरकतीचा तो अर्ज माझ्या हातचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझी बाजू बरी दिसायला लागते, आणि सुरुवातीला ती तशी मुळीच नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. विजापूर रस्त्याच्या बाजूला आमची सोसायटी नुकती उभी राहिली होती. बावीस प्लॉट, त्यातल्या अठरांवर घरं, बाकीच्यांवर काटेरी झुडपं. मधे एक मोकळी जागा. नकाशात ती हिरव्या शाईनं रंगवून ‘बाग’ असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात तिथं एक कडुलिंब आणि खूप धूळ होती. राहणारे बहुतेक पगारदार: मास्तर, बँकेतले, कलेक्टर कचेरीतले. एक टॉवेलचे कारखानदार. माझे अप्पा गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि सोसायटीचे सेक्रेटरीही. मी कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

घरात आम्ही कानडी बोलायचो. अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटच्या पलीकडची, तिची चार इयत्तांची शाळा कानडीतून झालेली. मराठी ती बोलायची, पण वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवून लावावं लागायचं. कॉलनीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसत. तोंडावर नाही, ती वळली की. तिला ते समजायचं. त्यामुळं ती कुणाच्या घरी फारशी जायची नाही.

आमच्या शेजारचं आठ नंबरचं घर एका इंजिनियरांचं होतं. त्यांची नाशिकला बदली झाली आणि त्यांनी घर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, व्यवहार ठरला, आणि सोसायटीकडं सभासदत्व बदलून मिळण्याचा अर्ज आला. घर घेणाऱ्या बाई एका उर्दू शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे वडील, एवढीच दोन माणसं.

अर्ज आला त्याच संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष आमच्या घरी आले. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे, आवाज असा की शेजारच्या तीन घरांना आपोआप ऐकू जावा.

“हे होता कामा नये,” ते म्हणाले. “आज एक येईल, उद्या त्यांचे दहा येतील. मग आपण काय करायचं?”

“बाई शिकलेल्या दिसतात,” अप्पा चाचरत म्हणाले.

“शिकलेल्या असोत की. माणूस शिकला म्हणून रीत बदलते का? तुम्ही तर लिंगायत. तुमच्या भिंतीला भिंत. मटणाचा वास तुमच्याच स्वयंपाकघरात येणार, माझ्या नाही.”

अप्पांनी मान हलवली. होकार म्हणून नव्हे. समोरचा मोठ्यानं बोलला की त्यांची मान आपोआप हलायची. अध्यक्षांची नजर माझ्याकडं गेली. “मुलीचं अक्षर चांगलं आहे म्हणे. तिला लिहू द्या. मी मजकूर सांगतो.”

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. मोठ्या माणसांच्या कामात मला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं. मी फाऊंटन पेन धुतलं, नवी शाई भरली, समास आखला. ते सांगत होते आणि मी लिहीत होते. दोन ठिकाणी मी त्यांचं वाक्य सुधारलंसुद्धा. ‘वसाहतीचे वळण बिघडेल’ असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं, ‘वसाहतीच्या सांस्कृतिक एकजिनसीपणास बाधा येईल.’ अध्यक्षांनी चष्मा सरकवून वाचलं आणि म्हणाले, “वा! ही वकील होणार.” त्या ‘वा’वर मी आठवडाभर तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मीच घरोघरी सह्या घेतल्या. सह्यांच्या पानावर सभासदांची यादी अप्पांनी रजिस्टरवरून उतरवून दिली होती, मी ती प्लॉट नंबरापलीकडं वाचलीही नव्हती. पुरुष मंडळी ऑफिसला जायच्या आत सकाळी साडेआठला सुरुवात केली. कुणी वाचलं, कुणी न वाचताच सही ठोकली. सोळा सह्या झाल्या. आमच्या घराची सही अप्पांनी केली. त्याची एक प्रत हेडमिस्ट्रेस बाईंना रजिस्टर पोस्टानं गेली, खाली सेक्रेटरी म्हणून अप्पांची सही. सर्वसाधारण सभा तीन आठवड्यांनी रविवारी ठरली.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी दार वाजलं. अप्पा गिरणीत होते. मी दार उघडलं. दारात चाळिशीच्या एक बाई, फिकट निळी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात छत्री आणि काखेत चामड्याची पर्स. “सेक्रेटरी साहेब आहेत का?” अगदी स्वच्छ मराठीत त्यांनी विचारलं.

“नाहीत,” मी म्हणाले, आणि त्या कोण हे लक्षात येऊन माझे कान गरम झाले.

आतून अव्वानं कानडीत ओरडून विचारलं, कोण आलंय गं? मी काही बोलायच्या आत त्या बाईच आत वाकून कानडीत म्हणाल्या, “मी आलेय अक्का. शेजारचं घर घेतलंय ती.”

अव्वा पदराला हात पुसत बाहेर आली ती थबकलीच. “नीवू कन्नड माताडतीरी?” तुम्ही कानडी बोलता?

“माझं आजोळ विजापूरकडं, इंडीचं. सगळ्या सुट्ट्या तिकडंच गेल्या.”

“बर्री, कूडरी,” अव्वा म्हणाली. या, बसा. तिचा चेहरा मी बघतच राहिले. त्या कॉलनीत राहायला आल्यापासून दारात आलेल्या कुणाशी ती इतक्या मोकळ्या आवाजात बोलली नव्हती. पण पाणी आणताना तिनं रोजचा स्टीलचा पेला घेतला नाही. परक्यांसाठी फळीवर वेगळा ठेवलेला काचेचा ग्लास काढला. बाईंनी ग्लासाकडं एकदा पाहिलं, पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला, आणि पर्समधून तो अर्ज काढला.

“अक्षर कुणाचं आहे हे?” त्यांनी मराठीत विचारलं.

अव्वा म्हणाली, “हिचंच की. का?”

“सुंदर आहे. वीस वर्षं मुलींच्या वह्या तपासतेय. असं अक्षर क्वचित बघायला मिळतं.” मग त्यांनी सह्यांच्या पानावर बोट ठेवलं आणि अव्वाकडं वळून कानडीत म्हणाल्या, “इथं प्लॉट नंबर सातपुढं बाईचं नाव लिहिलंय. सभासद म्हणून. ते तुमचंच ना? पण सही दुसऱ्या कुणाची तरी आहे. तुम्ही हे वाचलंय का अक्का?”

प्लॉट अव्वाच्या नावावर होता. अप्पांच्या भावांमध्ये वाटणीचा वाद चालू होता, म्हणून त्यांनी तो तिच्या नावानं घेतला होता. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं. अव्वाच्याही नाही.

“मला कुणी वाचून दाखवलं न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, “वाच.”

“अव्वा...”

“वाच म्हणते की.”

मी वाचायला लागले. आजही तो मजकूर मला पाठ आहे. ‘सदर कुटुंबाची राहणी, आहार व आचार वसाहतीतील सभ्य कुटुंबांशी मिळताजुळता नसल्याने...’ कागदावर लिहिताना जी वाक्यं डौलदार वाटली होती, ती त्या बाईंच्या समोर मोठ्यानं वाचताना शिव्यांसारखी ऐकू येत होती. अव्वाला शब्द कळेना की ती मधेच थांबवून विचारायची, “सभ्य म्हंजे?” आणि मला कानडीत अर्थ सांगावा लागायचा. चांगल्या घरातले. “म्हंजे ह्या न्हाईत?” ‘एकजिनसीपणा’पाशी आले तेव्हा बाईंनीच विचारलं, “हा शब्द कुणाचा?”

“माझा,” मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

“कठीण शब्द आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. आवाजात ना राग होता ना टोमणा, आणि म्हणूनच मला ते सोसलं नाही. मी कागद ठेवून आत पळाले. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.

अव्वा म्हणाली, “बाई, एक सांगू का? मला मटणाचा वास सोसत न्हाई. उलटी होते. हे मी खरं सांगते तुमाला.”

“आमच्याकडं आठवड्यातून एकदा होतं, रविवारी,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बाजूची खिडकी मी त्या दिवशी लावून घेईन. तरी वास आला तर भिंतीवरून हाक मारा.”

“मारीन की,” अव्वा म्हणाली. “हे असं तोंडावर बोलायचं सोडून कागद कशाला रंगवायचा मी म्हणते?”

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. अप्पा डबा खाली ठेवतायत तोच अव्वानं विचारलं, “माझ्या नावापुढं तुमी सही कशी केली?”

“आजवर मीच करतो की सगळीकडं.”

“आजवर असलं काई लिहिलं नव्हतं तुमी.”

अप्पा समजावायला लागले. अध्यक्षांची ओळख कुठवर आहे, सोसायटीच्या रस्त्याचं काम त्यांच्याच शब्दावर अडलंय, चार माणसांत राहायचं तर चार माणसांचं ऐकावं लागतं. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. “सभेला मी येणार हाय,” ती म्हणाली.

“तू?”

“नोटीस कुणाच्या नावानं आलीया?”

अप्पा नोटीस घेऊन खिडकीपाशी गेले, जणू उजेडात नाव बदललेलं दिसेल.

मला त्या रात्री झोप आली नाही. पहाटे उठून मी अप्पांच्या कपाटातलं सभासदांचं रजिस्टर काढलं, आणि पानं उलटत एकेक नाव वाचायला लागले. असा फक्त आमचाच प्लॉट नव्हता. तीन नंबर, पाच नंबर, अकरा, तेरा... कुणी सरकारी नोकराला लागणाऱ्या परवानगीची भानगड नको म्हणून, कुणी भावाभावांच्या भांडणातून वाचावं म्हणून बायकोच्या नावावर प्लॉट घेतलेला. बाविसांपैकी नऊ सभासद बायका होत्या! आणि माझ्या त्या सोळा सह्यांमध्ये एकही सही बाईची नव्हती. मी रजिस्टर छातीशी धरून अव्वाकडं धावले. ती चूल पेटवत होती. मी आकडा सांगितला. ती फुंकणी हातात धरून तशीच बसली, मग खुदकन हसली.

“नऊ?” ती म्हणाली. “आणि आमी पापड लाटतोय.”

मग मी पुन्हा घरोघरी निघाले. या वेळी दुपारी, पुरुष ऑफिसला गेल्यावर. अव्वा माझ्याबरोबर. जी बाई कुणाच्या उंबऱ्याला जात नव्हती ती पदर खोचून माझ्या पुढं चालत होती. माझं काम एवढंच होतं: अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते सांगायचं.

सगळं काही गोड झालं नाही. पाच नंबरच्या मास्तरांच्या बायकोनं दारातूनच हात जोडले. “नको गं बाई. मला भीतीच वाटते त्या लोकांची. यांनी सही केली ते बरोबरच केलं.” तिला मी काय सांगणार? आठवड्यापूर्वी मीच तिच्या नवऱ्याची सही आणली होती. एकीनं विचारलं, “तुम्हाला त्यांनी काय दिलं?” अव्वा पायरी उतरली आणि पुढच्या घराचं फाटक तिनं जोरात ढकललं.

कारखानदारांच्या बायकोचं मात्र वेगळंच. त्यांच्या घरात तेलुगू चालायचं. तिनं अर्ज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, “माझ्या नावावर हाय घर? नक्की?” रजिस्टरातलं पान दाखवल्यावर तिनं त्यावरून बोट फिरवलं. “आमच्या कारखान्यात निम्मे विणकर मुसलमानच हायेत. त्यांच्या हातचा टॉवेल चालतो, शेजार चालत न्हाई व्हय? मी येते.”

चौदा नंबरच्या सिस्टर सिव्हिल हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. त्या तर थेट सभासद, नवऱ्याच्या आडून नव्हे. तरी एकाही सभेला त्या गेल्या नव्हत्या. “मला वाटायचं पुरुषांनी बोलावलं तर जायचं,” त्या म्हणाल्या. “किती वाजता आहे?” कुणाच्या बाजूनं मत देणार हे त्यांनी सांगितलं नाही. “ते मी तिथं ऐकून ठरवीन.”

तो रविवार! ऊन उतरल्यावर कडुलिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. अध्यक्षांना आणि अप्पांना दोन खुर्च्या, मधे टेबल. पुरुष जमले. हेडमिस्ट्रेस बाई अजून सभासद नव्हत्या, म्हणून त्यांना बोलावणं नव्हतं. त्या आमच्याच ओसरीवर बसल्या होत्या आणि तिथून सगळं दिसत होतं. मी सतरंजीच्या कडेला उभी होते.

आणि मग बायका आल्या. अव्वा पुढं, इरकल साडी नेसून, कपाळावर विभूती, मागं कारखानदारांची बायको, सिस्टर, आणखी तिघी. सहाजणी. अर्ध्या सतरंजीवर ओळीनं बसल्या. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. अकरा नंबरचे उठून आपल्या बायकोला म्हणाले, “घरी चल. पोरं एकटी हायेत.” ती म्हणाली, “तुमी जावा की. तुमचं हितं काय काम हाय?” आणि मागून कुणीतरी फस्सकन हसलं.

“भगिनींनी कशाला त्रास घेतला?” अध्यक्ष म्हणाले. “निर्णय काय तो घरी कळेलच.”

“नोटीस माझ्या नावानं हाय,” अव्वा म्हणाली. “निर्णय मला घरी कसा कळंल? मीच देनार न्हवं?”

अध्यक्षांनी अप्पांकडं पाहिलं. “हजेरी घ्या.”

अप्पांनी रजिस्टर उघडलं. दर सभेला ते सातव्या नंबरपाशी आले की स्वतःच बारीक खूण करून पुढं जायचे. त्या दिवशी एक, दोन, तीन, असं वाचत ते सातपाशी आले आणि थांबले. पेन हातात. मला वाटलं, आता खूण करणार. त्यांनी पेन खाली ठेवलं, घसा खाकरला आणि वाचलं, “प्लॉट नंबर सात.”

“हाय!” अव्वा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की ओसरीवर बसलेल्या बाई उभ्या राहिल्या.

पुढं प्रत्येक बाईच्या नंबराला तोच प्रकार, दर वेळी आवाज आधीपेक्षा मोठा. सिस्टर तर ‘प्रेझेंट’ म्हणाल्या. त्या बायकांचे नवरे सभासदच नव्हते, हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. त्यातले जे आले होते ते सतरंजीवरून उठून कडुलिंबाच्या बुंध्यापाशी जाऊन उभे राहिले, शाळेत बाहेर काढल्यासारखे.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता, पण ते कच्चे नव्हते. ते उठले. “ठीक आहे. कायदाच बघायचा ना? मग सेक्रेटरीसुद्धा सभासद नाहीत! प्लॉट बायकोचा, मग हे सेक्रेटरी कसे? यांनी बोलावलेली सभाच बेकायदा. सभा रद्द! नवी सभा मी बोलावीन तेव्हा होईल.”

मला रडू फुटायचं बाकी होतं. सारं हातातून गेलं.

तेव्हा अप्पा उठले. माझे अप्पा, जे गिरणीत साहेबापुढं वाक्य पुरं करत नसत. टेबलाचा काठ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

“अध्यक्ष म्हणतात ते बरोबर हाय,” ते म्हणाले. “मी सभासद न्हाई. मग हरकतीचं जे पत्र त्या बाईंना गेलं, त्याच्यावर सेक्रेटरी म्हणून माझीच सही हाय. ते बी बेकायदा. आणि सह्यांच्या कागदावर जेवढ्यांनी बायकोच्या नावापुढं सही केली, माझी धरून, त्या बी बेकायदा. सभा रद्द म्हणता, तर हरकत बी रद्द. आज तारखेला त्या बाईंच्या अर्जावर कुणाचीच हरकत न्हाई.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सिस्टरनी टाळी वाजवली. एकच, खाडकन. आणि मग जो गलका उसळला! दोघं-तिघं एकदम ओरडायला लागले, कुणी कायद्याचं पुस्तक आणायला घरी पळालं, मास्तर ‘शांतता’ म्हणत स्वतःच किंचाळत होते. बँकेतले एक गृहस्थ, ज्यांनी अर्जावर न वाचता सही ठोकली होती, ते उठून म्हणाले, “आता पुरे. पत्र रद्द नि सभाही रद्द म्हटलं तर आपण वर्षभर हेच करत बसू. बहुतेक सभासद इथं आहेत. हात वर करा आणि मोकळे व्हा.”

सभासद सतरा हजर होते. बाईंना सभासद करून घेऊ नये म्हणणाऱ्यांचे हात आधी वर गेले. आठ. मी दोनदा मोजले. घ्यावं म्हणणारे? अव्वाचा हात पहिला. कारखानदारांची बायको, तिघीजणी, बँकेतले गृहस्थ, आणखी दोन पुरुष. आठ! सिस्टर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“तुम्ही?” अध्यक्षांनी विचारलं.

“मला एक विचारायचंय,” सिस्टर म्हणाल्या. “अर्जात लिहिलंय, त्या कुटुंबाचा आचार सभ्य नाही. तुमच्यापैकी कुणी त्यांना भेटलंय? कुणी त्यांच्या घरी गेलंय?”

अध्यक्ष टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

“हे म्हणजे पेशंट न बघता रोग ठरवणं झालं,” असं म्हणून त्यांनी हात वर केला.

नऊ! मी किंचाळले. कॉलेजात शिकणारी घोडी, सगळ्यांसमोर उडी मारून किंचाळले. ओसरीकडं धावत सुटले तेव्हा चप्पल तुटली, ती तिथंच टाकून गेले. बाई पायरीवर उभ्या होत्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी बाहेर पडलं ते भलतंच: “बाई, मला माफ करा.”

“किती झाले ते आधी सांग,” त्या म्हणाल्या.

“नऊ-आठ.”

त्यांनी पदर सावरला, कठडा धरला आणि हळूच खाली बसल्या. मघाशी जी बाई इतकी शांत वाटली होती तिचे हात थंडगार होते. माफीचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. पुढं महिनाभरानं एकदा सहज म्हणाल्या, “तू चूक केलीस हे तुला कळलं. ते शब्द मला बोचले, हेही तुला माहीत असू दे.” मला वाटतं, तेच उत्तर होतं.

अध्यक्षांनी राजीनामा दिला, आमच्या घरासमोरून जाणंच सोडलं. मास्तरांच्या घरानं आठ नंबरशी शेवटपर्यंत बोलणं ठेवलं नाही. एकदा कुणीतरी बाईंच्या फाटकावर शेणाचे हात मारले. ते अव्वानंच बादली घेऊन धुतले, आणि धुताना कानडीत इतक्या मोठ्यानं शिव्या घातल्या की ज्याला कळायचं त्याला भाषा न येता कळलं असावं. अव्वा स्वतःही काही एका दिवसात बदलली नाही. बाईंच्या घरचं ती कधी जेवली नाही. रविवारी वास आला की भिंतीवरून हाक मारायची, आणि खिडकी लागायची.

पण त्या राहायला आल्या तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी नऊला सामानाचा टेम्पो आला. वाटलं होतं हमाल असतील, पण ड्रायव्हर सोडला तर उचलायला कुणी नव्हतं. पुरुष आपापल्या दारांतून बघत राहिले. अव्वानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि आम्ही दोघी फाटक उघडून बाहेर पडलो. मागोमाग कारखानदारांची बायको आली, अकरा नंबरची आली, आणि अप्पा ऑफिसची पँट घोट्यापर्यंत दुमडून आले.

टेम्पोतून बाईंच्या आधी उतरले त्यांचे वडील. वाळकुडे, पांढरी दाढी, दम्यानं छाती भात्यासारखी चाललेली. आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते म्हणे. त्यांना वजन उचलू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून कारभार हातात घेतला. लोखंडी पलंग आम्ही चौघींनी उचलला तसा त्यांनी हात आडवा केला. “रुको! लाइन क्लिअर नहीं!” दारात स्टूल होतं. स्टूल हललं. त्यांनी हात उंच करून झुलवला, “आने दो, आने दो!” पलंग दारात शिरला आणि अडकला. ना आत जाईना, ना बाहेर येईना. मी आत, अव्वा बाहेर, मधे पलंग.

“तिरका करा!” अप्पा ओरडले.

“तिरकाच हाय!” अव्वा ओरडली.

“पीछे लेव थोडा,” म्हातारबुवा म्हणाले, आणि अव्वा, जिला उर्दूचा एक शब्द कळत नव्हता, कानडीत म्हणाली की तुम्ही आधी दारातून बाजूला व्हा, मगच काहीतरी होईल. बाईंनी त्याचं उर्दू करून वडिलांना सांगितलं. त्यांनी अव्वाला सलाम ठोकला आणि एक पाऊल मागं सरले. अप्पांनी बिजागरीची खीळ ठोकून दाराची फळीच काढली. पलंग धाडकन आत आला, मी जमिनीवर बसले, आणि माझ्यावर बसता बसता अकरा नंबरची वाचली. हसून हसून आमची पोटं दुखायला लागली. टेम्पोत अजून दोन कपाटं आणि पुस्तकांच्या सात पेट्या होत्या.